नाव सांगायचं आणि थांबायचं

आमच्या क्वार्टरचं मागचं दार उघडलं की आधी कपडे वाळत घालायची तार लागते, मग कोथिंबिरीचे दोन वाफे, मग एक लाकडी फाटक. फाटकाबाहेर पाय टाकला की ओढा. मी लातूरची. आमच्याकडे नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी पप्पा ऑफिसला उशिरा जायचे आणि आई घरातलं प्रत्येक भांडं, अगदी वाट्यासुद्धा, भरून ठेवायची. इथं नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरहून आत डोंगराकडे वळलं की रात्रंदिवस नुसतंच वाहून जाणारं पाणी असतं, भर एप्रिलमध्येसुद्धा असतं, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. लेकीला घेऊन इथं राहायला आल्यावर पहिले काही दिवस मी झोपेतून दचकून उठायची. वाटायचं, नळ उघडा राहिलाय.

माझे मिस्टर नागसेन इथं वनरक्षक आहेत. ओढ्याच्या अलीकडच्या काठानं वनखात्यानं एक निसर्ग पायवाट केलेली आहे. चढ नाही, उतार नाही, काटे काढलेले. मधे मधे पक्ष्यांच्या चित्रांच्या पाट्या आहेत, त्यांचा रंग उडून सगळे पक्षी एकाच राखाडी रंगाचे झालेत. फाटकासमोर ओढा ओलांडायला दगड टाकलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी धुणं धुवायचा मोठा सपाट दगड आहे. पलीकडच्या तीरावर, थोडं खाली, गाव. वरच्या अंगाला दोन्हीकडे जंगलच. पायवाट जिथं संपते तिथं काठावर एक पांढरा गोल दगड आहे आणि त्यापुढे कुणी जात नाही. जाण्यासारखं काही नाही म्हणून.

माया, म्हणजे आमची महामाया, तिला तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि ती बोलत नव्हती. हसायची, रुसायची, माझ्या ओढणीचं टोक धरून घरभर फिरायची, पण शब्द म्हणून एक नाही. नांदेडला कान तपासून झाले, बाकीच्या तपासण्या झाल्या. सगळं व्यवस्थित. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला की नागसेनना हायसं वाटायचं आणि मला भीती. काही निघालं असतं तर त्याला औषध तरी असतं.

नांदेडच्याच शिवकांता मॅडम, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

"तुम्ही फार बोलता," त्या म्हणाल्या. "तिला बोलायला जागाच ठेवत नाही. घराजवळ ओढा आहे म्हणता ना? रोज फिरायला न्या. एक वस्तू दाखवा, तिचं नाव सांगा आणि थांबा. सावकाश दोन श्वास. ती जागा तिची. तुम्ही भरायची नाही. आणि तिनं नुसतं वळून पाहिलं तरी शाब्बास म्हणा."

शाब्बास मायाला फार आवडायचं. तो शब्द कानावर पडला की ती दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घ्यायची आणि आतल्या आत खुदखुदायची. दुसऱ्या कशालाही ती तसं करायची नाही.

तर फेब्रुवारीपासून आम्ही दोघी रोज सकाळी ऊन चढायच्या आत पायवाटेनं चालू लागलो. पळस तेव्हा नुकता पेटला होता. फाटकातून बाहेर पडलं की वाकून पाण्याला हात लावायचा. "पाणी." थांबायचं. धुण्याच्या दगडावर थाप मारायची. "दगड." थांबायचं. काठावरच्या बिळाशी बसायचं. "खेकडा." थांबायचं. मला थांबणं जमायचं नाही. दोन श्वासांत काय काय ऐकू येतं ते मला तेव्हा कळलं. पाण्याचे वेगवेगळे आवाज, कुठंतरी वाळलेलं सागाचं पान गळून खाली टेकल्याचा आवाज. मायाचा मात्र नाही.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. झाडं म्हणजे कडुनिंब, बाभूळ आणि कॉलेजसमोरचा गुलमोहर. त्यामुळे पायवाटेवरच्या एका भल्या मोठ्या झाडाशी, गुळगुळीत फिकट बुंधा, सालीचे पापुद्रे सुटलेले, मी मायाला पूर्ण आत्मविश्वासानं सांगायची, "पेरू." आठवडाभर सांगत होते. एकदा नागसेन बरोबर आले आणि त्यांनी ते ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"पेरू. खोड बघा ना."

"अगं, एवढा पेरू?" ते हसत खालीच बसले. "हत्ती खाणार होते का हे पेरू? अर्जुन आहे तो, अर्जुन. ओढ्याकाठीच येतो. प्रिया, कुणाला सांगू नकोस हं, माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवसापासून मी "अर्जुन" म्हणायला लागले. चुकूनसुद्धा पुन्हा पेरू म्हटलं नाही.

सरजाबाई मला धुण्याच्या दगडावर भेटायच्या. गावातल्या. साठीच्या असतील. नवऱ्याच्या माघारी एकट्या राहायच्या आणि सगळ्यांची चेष्टा करायच्या. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच अलीकडच्या रानात यायच्या आणि पाटी भरली की धुणं घेऊन बसायच्या.

"काय वो लातूरवाल्या, लेकीची शाळा वड्यावरच भरवून राहिल्या का?"

"हो मावशी. फी नाही लागत."

एकदा आमचं असं बोलणं चाललं होतं तेव्हा गावातली एक बाई तान्ह्या बाळाला काखेत घेऊन दगडांवरून ओढा ओलांडून गेली. पलीकडे पोचली, वळली, आणि आमच्या बाजूच्या रिकाम्या काठाकडे बघत तिनं हाक मारली, "आदर्श, चल रं बाबा घरी." बाळ तिच्या काखेत झोपलेलं. मग ती निघून गेली.

"कुणाला हाक मारली तिनं?" मी विचारलं.

"लेकराला."

"अहो पण ते तर तिच्याजवळच होतं."

"हाव की." सरजाबाईंनी लुगडं पिळलं. "पाणी वलांडलं की मारत्यात हाक. तुमच्यात न्हाई मारत?"

"आमच्यात पाणीच नाही," मी म्हटलं. त्या हसल्या आणि विषय तिथंच संपला.

मग मार्चच्या शेवटी कधीतरी, अगदी सहज, धुणं आपटता आपटता त्या म्हणाल्या, "तुमची लेक मात्र लई ग्वाड बोलती."

मला ते लागलं. गावाला ठाऊक होतं सगळं. "मावशी, बोलत नाही ती. माहितीय तुम्हाला."

"हाव?" त्यांनी मायाकडे पाहिलं. माया पाण्यात बोट घालून बसली होती. "मंग काल दुपारी पल्याड कोण बोलून राहिलं हुतं? म्या म्हनलं, आली बया वाचा."

"काल दुपारी ती झोपली होती."

"मंग दुसऱ्या कुनाचं आसंल," सरजाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढचं लुगडं उचललं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मायाची एक चप्पल पायवाटेवर राहिली. दुपारी ती झोपली, नागसेन जेवायला आले होते, त्यांना तिच्यापाशी बसवून मी चप्पल आणायला गेले. ऊन रणरणत होतं. पाखरंही गप्प होती. चप्पल अर्जुनाच्या मुळाशी सापडली. वाकून उचलत होते तेव्हा पलीकडच्या तीरावरून, वेळूच्या बेटामागून, आवाज आला.

"पाणी."

लहान मुलीचा आवाज. स्वच्छ.

मग काही नाही. मग, "दगड."

मी तशीच वाकलेली राहिले.

"खेकडा." शेवटचं अक्षर जरासं वर उचलून, प्रश्न विचारल्यासारखं. मी म्हणते तसं. शब्द झाला की थांबणं, अगदी दोन श्वासांचं. आणि थांबणं संपलं की खुदखुदल्याचा आवाज, तोंडावर हात धरला की येतो तसा दबलेला.

"पेरू," ती म्हणाली.

गावातलं एखादं पोर आमची नक्कल करत असणार. मी चप्पल हातात घेऊन पाण्यात उतरले, पाणी जेमतेम पोटरीपर्यंत, आणि पलीकडे जाऊन वेळूच्या मागे पाहिलं. कुणी नव्हतं. वेळूच्या एका वाकलेल्या काठीवर खंड्या बसला होता, मान आत घेऊन, पेंगत. मी जवळ गेले तेव्हा तो ओरडत उडाला. घरी पोचेपर्यंत मी त्या पक्ष्याचाच विचार करत होते. मी आले तर उडाला. माझ्याआधी तिथं कुणी मूल असतं, तर तो बसलाच नसता.

मी नागसेनना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चेष्टा केली नसती, जवळ बसवून समजावलं असतं, आणि मला ते नको होतं. मी एक प्रयोग करायचा ठरवला. सायन्सची पदवी आहे, एवढं तर जमायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायवाट संपते तिथल्या पांढऱ्या गोल दगडाशी मी मायाला मांडीवर घेतलं. त्या दगडाला आम्ही तोवर काही नाव दिलं नव्हतं. मी तिचं डोकं छातीशी धरलं, ओठ तिच्या कानाला लावले आणि नुसत्या श्वासानं म्हटलं, "उशी."

शेजारी कुणी बसलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं.

त्या दुपारी नागसेन जेवून पडले होते, माया त्यांच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली. मी काठावर जाऊन बसले. पाणी, दगड, खेकडा, पेरू. मधे मधे खुदखुदणं. मी वाट बघत होते. ओढ्याचा आवाज एवढा वाढला की वाटलं आता काही ऐकूच येणार नाही.

"उशी," ती म्हणाली.

मी घाबरायला हवं होतं. घाबरले नाही, हे खरं आहे. मला रडू आलं. ते माझ्या मुलीच्या कानात सांगितलेलं होतं, तिथून दुसरीकडे जायला त्याला वाटच नव्हती. म्हणजे तो आवाज मायाचा होता. तिच्या शरीरात नव्हता, पलीकडे वेळूमागे बसला होता, पण तिचा होता. आणि इतका गोड होता. तीन वर्षं मी तो कसा असेल याची कल्पना करत होते. मला वाटलेल्यापेक्षा तो थोडा घोगरा होता.

मग रोज दुपारी, नागसेन जेवून मायाजवळ आडवे झाले की, मी जायला लागले. ओढणीत दोन बिस्किटं बांधून न्यायची आणि सावलीत बसायची. ती म्हणायची, मी ऐकायची. मी तोंडातून चकार शब्द काढायची नाही, शाब्बाससुद्धा नाही, ती घाबरून गप्प होईल म्हणून. तरी प्रत्येक शब्दानंतर तिचं ते खुदखुदणं यायचंच. मुलं शाळा-शाळा खेळतात, स्वतःच मुलगी होतात आणि स्वतःच बाई, तसं काहीतरी असेल असं मी धरून चालले.

सकाळी पायवाटेवर मी जे नवं सांगायची ते दुपारी पलीकडून यायचं. चतुर. नेचा. मोह. माझ्या हातून पायवाटेवर एक आख्खं बोलकं मूल घडत होतं.

घरातली माया मात्र कमी व्हायला लागली होती. आधी मी बोट दाखवलं की ती बोटाच्या दिशेला बघायची. आता बोटाकडेच बघायची. ओढणीचं टोक धरणं बंद झालं. लातूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला की पूर्वी ती मोबाईलला गाल लावायची. आता पडद्यावर आजी "माया गं, इकडं बघ, ए माये" करत राहायची आणि ही खिडकीबाहेर बघत बसायची. मे महिन्यात शिवकांता मॅडमनी तिच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, नाव घेतलं, पुन्हा घेतलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मागच्या वेळी हाकेला वळत होती हो," त्या म्हणाल्या. "फिरायला नेता ना रोज? थांबता ना?"

नांदेडहून परत येताना बसमध्ये माया माझ्या मांडीवर होती आणि मला तिचं वजन वाटत नव्हतं. मी नागसेनना तेव्हा सगळं सांगितलं.  इस्लापूरला उतरल्यावर ते मोटारसायकलला किल्ली लावून तसेच उभे राहिले.

"तू ऐकलंस. नक्की?"

"रोज."

"आणि आता काय करायचं म्हणतेस?"

"गावातल्या बायका पाणी ओलांडल्यावर हाक मारतात. आपण इथं आलो त्या दिवशी सामान उतरवायच्या गडबडीत मी हिला घेऊन दगडांवरूनच आले. कुणी हाक मारली नव्हती."

"प्रिया, आपल्यात हे चालत नाही."

"माहितीय मला. उतारा नाही, नारळ नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही. नुसती हाक मारायची आहे. आपल्याच लेकराला हाक मारायला काय हरकत आहे?"

त्यांनी मायाकडे पाहिलं. ती गाडीच्या आरशाकडे बघत होती, आरशातल्या स्वतःकडे नाही. "मी येतो बरोबर," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही गेलो. नागसेन खाकी घालूनच आले होते, हातात काठी, जसे काही ड्यूटीवर. सरजाबाई धुण्याच्या दगडावर होत्या. आम्हाला तिघांना त्या वेळी बघून त्यांनी विचारलं काही नाही. पिळलेलं धुणं पाटीत टाकलं आणि दगड मोकळा केला.

"एकदाच मारा," जाता जाता म्हणाल्या. "आन् मंग तुमी बोलू नगा."

मायाला कडेवर घेऊन मी दगडांवरून पलीकडे गेले. पलीकडच्या मातीला पाय लावला आणि परत आले. नागसेन पाण्याच्या कडेला उभे होते. मी त्यांच्याशेजारी वळून उभी राहिले. समोर वेळू, ऊन, कुणी नाही.

"माया," मी हाक मारली. "चल बाळा. घरी चल."

आवाज पाण्यावरून गेला.

मी थांबले. दोन श्वास. आणखी दोन.

वर, पायवाट संपते त्या बाजूनं, पलीकडच्या तीरावरून आवाज आला. "उशी."

नागसेनच्या हातातली काठी खाली टेकली.

"पेरू." आता जवळून. अर्जुनाच्या समोरून.

ती उलटी येत होती. आम्ही सकाळी ज्या वाटेनं जातो तीच वाट, परतीची.

"खेकडा."

वेळूचं पान हललं नाही.

"दगड." अगदी समोर, पल्याडच्या काठावर. मी मायाला घट्ट धरलं. तिचं काळीज माझ्या फासळ्यांवर चिमणीसारखं उडत होतं.

मग ओढ्याच्या मधोमध, जिथं दगडांमधून पाणी दुमडून वाहतं तिथं, आवाज आला. माया तिथं उभी असती तर तिचं तोंड जेवढ्या उंचीवर आलं असतं, तेवढ्याच उंचीवरून.

"पाणी."

आणि गप्प.

मी बोलले नाही. नागसेनही बोलले नाहीत.

माझ्या कडेवर मायानं मान वळवली. खाली पाहिलं. हात लांब करून बोट दाखवलं.

"पाणी," ती म्हणाली.

थोडा घोगरा.

नागसेन मटकन खाली बसले. काठी पाण्यात पडून वाहत गेली, ती त्यांनी धरली नाही. ते दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारत होते, पुन्हा पुन्हा, आणि म्हणत होते, "शाब्बास, शाब्बास, शाब्बास गं माझी बाई." मायानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी काय सांगू. आधी एकेक शब्द, मग ओळीनं. लातूरला फोन लावला तर आई नुसती "हं, हं" करत राहिली. आणि माया इकडून तिला दगड, चतुर, नेचा, पोळी, टॉवेल असं सगळं सांगत बसली. शिवकांता मॅडमनी मलाच पेढा भरवला. म्हणाल्या, "बघितलंत? थांबायचं असतं." सरजाबाईंनी मायाच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "आता लातूरवाल्या मॅडमला कोन बोलू दीना." रात्री तिघं झोपलो की मायाचा पाय नागसेनच्या पोटावर असायचा आणि हात माझ्या ओढणीवर. मी जागी राहून नुसती बघायची. आता ओढ्याच्या आवाजानं मला जाग येत नव्हती.

एका दुपारी मी मुद्दाम काठावर जाऊन बसले. पुष्कळ वेळ. पलीकडून काही आलं नाही. पाणी वाहत होतं, तेवढंच. ओढणीत बांधलेली बिस्किटं मी मासोळ्यांना टाकली आणि घरी आले.

एकच गोष्ट. अर्जुनाला ती अजून पेरू म्हणते. ती बोलायला लागल्यापासून मी तिला दोन महिने अर्जुन सांगितलंय, नागसेननी उचलून खोडावर हात ठेवायला लावून सांगितलंय. ती ऐकून घेते आणि म्हणते, पेरू. मी त्यावरून कधी रागावले नाही.

आज दुपारी जेवणं झाल्यावर मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता. माया समोर बसून मला सगळं सांगत होती. सूप. तांदूळ. बांगडी. फाटक. तार. ती म्हणायची, मी शाब्बास म्हणायची, ती तोंड झाकून खुदखुदायची.

मग माझ्या एकदम लक्षात आलं की पायवाटेवर एवढे महिने मी तिला सगळं दाखवलं, एकेका किड्याचं नाव सांगितलं, पण स्वतःकडे बोट करून काही म्हटलं नाही. सुचलंच नाही. आणि तिनंही मला अजून हाक मारलेली नव्हती. एकदाही नाही.

मी सूप बाजूला ठेवलं. छातीवर हात ठेवला.

"आणि मी?" म्हटलं. "मी कोण?"

मायानं माझ्याकडे पाहिलं. मी थांबले. ती बघत राहिली, मन लावून, जसं नव्या पाखराकडे बघते तसं. तिला येत नव्हतं. सांगून टाकावंसं वाटलं, पण ती जागा तिची होती, मी भरायची नव्हती.

तेव्हा तिनं मान वळवली. फाटकाकडे, ओढ्याकडे. जरा वेळ तशीच बसून राहिली, मान तिरकी करून, आपण दुसऱ्या खोलीतून कुणी काही सांगत असलं की करतो तशी.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं. मी हात पुढे केले. शाब्बास म्हणायला तोंड उघडलं.

मायानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि खुदखुदली.

मी अजून काहीच म्हटलं नव्हतं.